नागरिकत्व मिळाले, खाकीचे काय?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले, की भनपुरी मागे पडते आणि बीरगांव सुरू होते. उरला आणि सिलतरा येथील पोलादाचे व स्पंज आयर्नचे कारखाने, त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार असे या गावाचे स्वरूप आहे. आज तेथे महानगरपालिका आहे. अशा गावात बहुतेक जण कुठून ना कुठून आलेलेच असतात. आपण कोठून आलो आणि कोणत्या कागदावर आलो, हे कारखान्याच्या फाटकावर फारसे कोणी विचारत नाही. पोलिस भरतीत मात्र ते विचारले जाते. तेही धावणे, गोळाफेक आणि लेखी परीक्षा पार पडल्यानंतर, चारित्र्य पडताळणीच्या टप्प्यावर.

रायपूर जिल्ह्यात हा प्रश्न इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा अधिक जवळचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नागपूर, रायपूर, बिलासपूर या शहरांत वसली. पुढे तीच ओळख धरून सिंधमधील हिंदू कुटुंबे येत राहिली. सिंधच्या घोटकी जिल्ह्यातील हयात पिताफी येथे मूळ स्थान असलेला शदाणी दरबार रायपुरात आहे. त्याच्या निमित्ताने यात्रेकरूंची ये-जा होते. कोणी यात्रेच्या व्हिसावर आले, कोणी नातलगांना भेटायला आले आणि परत गेले नाहीत. काहींनी वेळेत दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज केला. काहींची मुदत मधल्या काळात संपली. काहींना ठरवून दिलेल्या शहराबाहेर कामासाठी गेल्याबद्दल नोटिसा आल्या. यांतील अनेकांना आज भारताचे नागरिकत्व मिळाले आहे. त्यांची मुले आता नोकरीच्या वयात आली आहेत. एकेकाळी ज्या पोलिस कार्यालयात वडील दरवर्षी वास्तव्याची नोंद करण्यासाठी रांगेत उभे राहत, त्याच कार्यालयात शिपाई म्हणून रुजू होण्याची इच्छा मुलाने धरली, तर त्याचे काय होणार?

कायद्याचा दरवाजा उघडाच

प्रथम कायद्याची बाजू पाहू. भारतीय राज्यघटना नागरिकांत जन्माने आणि स्वीकृतीने अशा दोन प्रती करीत नाही. कलम 16 नुसार शासकीय नोकरीच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून नागरिकाला अपात्र ठरविता येत नाही. राष्ट्रपतिपदासाठीही घटनेने केवळ ‘भारताचा नागरिक’ एवढीच अट घातली, जन्माने नागरिक असण्याची नाही. 1999 मध्ये परदेशी मुळाच्या मुद्द्यावर काँग्रेस फुटली आणि महाराष्ट्राच्या राजकारणाची मांडणी बदलली. त्या वादात राजकीय युक्तिवाद पुष्कळ झाले. परंतु स्वीकृत नागरिकाला सर्वोच्च पदापासून रोखणारी तरतूद घटनेत दाखविता आली नाही. जी अट पंतप्रधानपदाला नाही, ती शिपाईपदाला असण्याचे कारण नाही.

भरतीचे नियमही याच धर्तीवर आहेत. भारतीय प्रशासकीय सेवा आणि भारतीय पोलिस सेवा यांच्यासाठी उमेदवार भारताचा नागरिक असावा लागतो. नागरिकत्व कोणत्या मार्गाने मिळाले, हे विचारात घेतले जात नाही. नागरी सेवा परीक्षेतील इतर अनेक सेवांसाठी तर भारतात कायम राहण्याच्या हेतूने पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका किंवा पूर्व आफ्रिकेतून आलेली भारतीय वंशाची व्यक्तीही, केंद्र सरकारचा पात्रता दाखला असल्यास, पात्र मानली गेली आहे. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या अधिकारी भरतीत नेपाळ व भूतानच्या प्रजाजनांनाही मज्जाव नाही. नियम करणाऱ्यांची दृष्टी फाळणीच्या अनुभवातून तयार झाली होती. आलेला माणूस हा कायमचा संशयित, अशी ती नव्हती.

नागरिकत्वाच्या वाटा मात्र गुंतागुंतीच्या आहेत. 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील कलम 5 खाली नोंदणीने आणि कलम 6 खाली देशीयकरणाने नागरिकत्व मिळते. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातील सहा अल्पसंख्य समाजांच्या अर्जांबाबत सात राज्यांतील सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले. त्यांत छत्तीसगडमधून रायपूर आणि महाराष्ट्रातून नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे हे जिल्हे होते. मे 2021 मध्ये दुर्ग आणि बलौदाबाजार यांची भर पडली. दुसरी वाट 2019 च्या दुरुस्तीची. तिचे नियम 11 मार्च 2024 रोजी जाहीर झाले आणि 15 मे 2024 रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रे देण्यात आली. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या या सहा समाजांपुरतीच ही दुरुस्ती मर्यादित आहे आणि तिच्या घटनात्मकतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, हेही येथे नोंदले पाहिजे.

या दुरुस्तीतील दोन वाक्ये आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कलम 6 ब खाली नागरिकत्व मिळालेली व्यक्ती प्रमाणपत्राच्या दिवसापासून नव्हे, तर भारतात प्रवेश केल्याच्या दिवसापासून नागरिक मानली जाते. तसेच बेकायदा स्थलांतर किंवा नागरिकत्व यासंबंधी तिच्याविरुद्ध प्रलंबित असलेली कारवाई नागरिकत्व मिळताच संपुष्टात येते. म्हणजे मुदत संपलेल्या व्हिसाचा जुना ठपका कायद्यानेच पुसून टाकला आहे. कलम 5 च्या नेहमीच्या वाटेने नोंदणी झालेल्या शेजाऱ्याला मात्र असे स्पष्ट संरक्षण नाही. एकाच गल्लीतील, एकाच वर्षी आलेल्या दोन कुटुंबांची स्थिती केवळ अर्जाच्या नमुन्यामुळे वेगळी असू शकते.

फाईल विसरत नाही

कायदा विसरला, तरी फाईल विसरत नाही. निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो. केंद्र सरकारच्या नमुन्यात आईवडिलांचे राष्ट्रीयत्व जन्माने की वास्तव्याने, असे विचारलेले असते. मूळचा रहिवासी पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा असल्यास तेथील पत्ता आणि भारतात आल्याची तारीखही मागितलेली असते. त्यापुढे प्रश्नांची मालिका येते : कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, स्थानबद्ध होता का, न्यायालयाने दंड केला होता का, एखादे प्रकरण प्रलंबित आहे का. खोटी माहिती देणे किंवा खरी दडविणे ही अपात्रता ठरेल, असा इशारा नमुन्याच्या आरंभीच दिलेला असतो.

नमुन्यात सीमेपलीकडील पत्त्यासाठी रकाना आहे, याचाच अर्थ तेथून आलेला उमेदवार शासनाने गृहीत धरला आहे. अडचण रकान्यात नसून त्यातील उत्तर वाचणाऱ्याच्या हाती काय निकष दिले आहेत, यात आहे. परकीय नागरिक कायदा 1946 खाली वडिलांवर दाखल झालेला गुन्हा मुलाच्या पूर्वचारित्र्यात मोजायचा काय? आईच्या मांडीवर बसून वाघा ओलांडणाऱ्या मुलाच्या व्हिसाची मुदत संपली, तर ते त्याचे गैरवर्तन काय? नागरिकत्व मिळाल्याने संपुष्टात आलेली कारवाई ‘प्रकरण होते’ अशी लिहायची, की ‘नाही’ म्हणायचे? ठाण्यातील हवालदारापासून पोलिस अधीक्षकांपर्यंत प्रत्येकाचे उत्तर वेगळे असू शकते. आणि शंका असेल तेथे अनुकूल शेरा मारण्यापेक्षा प्रतिकूल शेरा मारणे सुरक्षित, ही कार्यालयीन रीत अधिकारी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

यात आणखी एक गाठ आहे, जी आता प्रथमच भरतीच्या वयाला येऊन भिडली आहे. 2003 च्या दुरुस्तीने 3 डिसेंबर 2004 पासून जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाची अट कडक झाली. आईवडील दोघेही भारतीय नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. त्यामुळे 2005 मध्ये रायपूरच्या रुग्णालयात जन्मलेले, येथील शाळेत शिकलेले, छत्तीसगढी बोलणारे मूल, जन्माच्या वेळी दोन्ही पालक पाकिस्तानचे नागरिक असतील, तर जन्माने भारतीय ठरत नाही. पालकांना पुढे नागरिकत्व मिळाले आणि मूल तेव्हा अज्ञान असेल, तर त्याची नोंदणी तुलनेने सोपी असते. अठरा वर्षे पूर्ण झाली, की त्याचा अर्ज स्वतंत्र आणि प्रतीक्षाही स्वतंत्र. पोलिस भरतीला वयोमर्यादा असते. नागरिकत्वाच्या फाईलला नसते. शिवाय राज्य पोलिसांत भरतीसाठी मूल निवासी दाखला लागतो आणि त्यासाठी वास्तव्याची वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, हा प्रश्न पुन्हा तहसीलदारापुढे येतो.

न्यायालयांनी आखलेली रेषा

पूर्वचारित्र्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा जुलै 2016 मधील अवतारसिंग प्रकरणातील आहे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. तरुण वयातील घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा यांसारख्या क्षुल्लक बाबीकडे नियुक्ती अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. मात्र उमेदवाराने सर्व काही प्रामाणिकपणे सांगितले, तरीही त्याचे पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नियुक्ती अधिकाऱ्याला राहतो. नेमणूक केलीच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पोलिस दलासाठी अधिक काटेकोर कसोटी लावण्यास न्यायालयांनी इतर निवाड्यांतही मान्यता दिली आहे.

याच निवाड्यात दोन मुद्दे असे आहेत, ज्यांचा आधार स्थलांतरित कुटुंबांतील उमेदवारांना घेता येतो. पहिला, नमुन्यातील प्रश्न नेमका असावा; मोघम प्रश्नाला न दिलेले उत्तर म्हणजे लपवाछपवी नव्हे. दुसरा, ज्या गोष्टीची उमेदवाराला माहितीच असू शकत नव्हती, ती दडविल्याचा दोष त्याला देता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या व्हिसाची कलमे माहीत असणे शक्य नसते.

डिसेंबर 2024 मधील एका निकालाने पडताळणीतील विलंबावर बोट ठेवले. पश्चिम बंगालमधील एका नेत्रसहाय्यकाचे वडील पूर्व पाकिस्तानातून स्थलांतर प्रमाणपत्रावर आले होते. तो 1985 मध्ये सरकारी नोकरीत लागला. 2010 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, तो भारतीय नागरिक नसल्याचा पोलिस अहवाल आला आणि निवृत्तीला दोन महिने असताना त्याला सेवेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. चारित्र्य, राष्ट्रीयत्व आणि कागदपत्रांची सत्यता यांची पडताळणी नियुक्तीपासून सहा महिन्यांच्या आत पूर्ण करावी, असा आदेशही सर्व राज्यांच्या पोलिसांना दिला. या आदेशाची प्रत प्रत्येक जिल्ह्याच्या विशेष शाखेच्या टेबलावर असली पाहिजे.

खाकी अंगावर आली म्हणजे शंका संपते, असेही नाही. आसाममधील एक निवृत्त लष्करी अधिकारी तीस वर्षांच्या लष्करी सेवेनंतर राज्याच्या सीमा पोलिसांत, म्हणजे परकीय नागरिक शोधणाऱ्या शाखेतच, काम करीत होता. मे 2019 मध्ये परकीय नागरिक न्यायाधिकरणाच्या निर्णयावरून त्याची रवानगी स्थानबद्धता केंद्रात झाली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने जूनमध्ये जामीन दिल्यावर तो बाहेर आला. स्वीकृत नागरिकाची स्थिती त्याहून नाजूक असते. फसवणूक करून किंवा माहिती दडवून नागरिकत्व मिळविल्याचे आढळल्यास, किंवा त्यानंतर पाच वर्षांच्या आत दोन वर्षांची शिक्षा झाल्यास, कलम 10 खाली ते काढून घेता येते. म्हणून अर्जात काय लिहिले, हे या उमेदवारांसाठी केवळ नोकरीपुरते महत्त्वाचे नाही.

शंकेचीही बाजू आहे

सावधगिरीच्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नाही. 2025 च्या आरंभी रायपुरात बनावट कागदपत्रांच्या आधारे राहिलेले तीन बांगलादेशी भाऊ इराककडे जाताना मुंबई विमानतळावर पकडले गेले. राज्याने त्या वर्षी बेकायदा स्थलांतरितांच्या शोधासाठी जिल्हावार विशेष पथके नेमली. पोलिसाच्या हाती शस्त्र असते, गुप्त माहिती असते आणि दुसऱ्याची ओळख तपासण्याचा अधिकार असतो. त्याची स्वतःची ओळख निर्विवाद असावी, ही अपेक्षा रास्त आहे. पाकिस्तानात नातलग असलेल्या शिपायाला कोणत्या शाखेत नेमावे, हा विचारही वरिष्ठांनी करावाच.

परंतु सावधगिरी आणि सरसकट संशय यांत फरक आहे. जुलै 2025 मध्ये कोंडागावात पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील मजुरांना ताब्यात घेण्यात आले, तेव्हा भाषेवरून माणूस परका ठरविण्याची सवय किती सहज लागते, हे दिसले. कामासाठी परप्रांतात राहिलेल्या मराठी माणसाला या सवयीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय स्वीकृत नागरिकाची तपासणी त्याला प्रमाणपत्र देण्यापूर्वीच एकदा झालेली असते. जन्माने नागरिक असलेल्या उमेदवाराच्या वाट्याला ती कधी येतच नाही. तपासून घेतलेल्यावर अधिक संशय आणि न तपासलेल्यावर कमी, ही व्यवस्था सुरक्षेच्या कसोटीवरही टिकणारी नाही.

इतर देशांतही हा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेला परदेशी नागरिकही पोलिस शिपाई होऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2023 पासून पोलिस भरतीतील नागरिकत्वाची अट काढून कामाचा कायदेशीर परवाना पुरेसा मानला आणि इलिनॉयने 2024 पासून तसेच केले. भारताने तेवढे दूर जावे, असे कोणी म्हणणार नाही. येथे मागणी फार मर्यादित आहे : ज्याला राष्ट्राने नागरिक केले, त्याला नागरिकासारखे वागवावे.

पूर्वी हे झाले आहे

आपल्या शासनाला असा विचार अपरिचितही नाही. 1964 मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा त्यांतील अनेकांचा पहिला मुक्काम रायपूरजवळच्या माना छावणीत होता. तेथून दंडकारण्य प्रकल्पाद्वारे त्यांना पखांजूरच्या परिसरात वसविण्यात आले. महाराष्ट्रात चंद्रपूर आणि गडचिरोलीतही त्यांची गावे उभी राहिली. 1 जानेवारी 1964 ते 25 मार्च 1971 या काळात आलेल्या विस्थापितांना केंद्रीय नोकरभरतीत वयाची सवलत होती. सीमेपलीकडून येण्यात गेलेली वर्षे उमेदवाराच्या खात्यातून वजा करू नयेत, हे तेव्हाच्या प्रशासनाला सुचले होते.

आज छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांना चार गोष्टी करता येतील. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. गृह विभागाचे परिपत्रक पुरे. पहिली, पडताळणीत उमेदवाराचे वर्तन आणि कुटुंबाचे स्थलांतरविषयक कागद यांची सरमिसळ करू नये. अज्ञान वयातील व्हिसाभंग आणि आईवडिलांवरील तशी प्रकरणे प्रतिकूल मानू नयेत. दुसरी, कलम 6 ब खाली संपुष्टात आलेल्या कारवाईची नोंद कशी करायची, हे लिहून द्यावे आणि कलम 5 खालील नागरिकांनाही तोच न्याय लावावा. बनावट दस्तऐवज, हेरगिरी किंवा हिंसा यांचा पुरावा असेल, तेथे अर्थातच सवलत नसावी. तिसरी, सहा महिन्यांची मर्यादा पाळावी आणि प्रतिकूल शेऱ्याची कारणे उमेदवाराला लेखी कळवावीत. चौथी, नागरिकत्वाच्या प्रतीक्षेत वयोमर्यादा ओलांडलेल्यांसाठी जुन्या सवलतीच्या धर्तीवर मर्यादित सूट द्यावी.

उमेदवारांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. जुनी नोटीस, दंड, प्रकरण जे काही असेल, ते नमुन्यात स्पष्ट लिहावे, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आणि कारवाई संपल्याचा कागद सोबत जोडावा आणि प्रत आपल्याजवळ ठेवावी. एजंटाच्या सल्ल्याने ‘नाही’ लिहून मोकळे होणारे बहुधा त्या ‘नाही’मुळेच नोकरी गमावतात. सांगितलेला दोष न्यायालयात मांडता येतो. लपविलेला मांडणे फार कठीण जाते.

1 सप्टेंबर 2025 पासून परकीय नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे. वैध कागदांविना प्रवेश आणि मुदतीनंतरचे वास्तव्य यांच्या शिक्षा त्यात वेगवेगळ्या ठेवल्या आहेत; पहिल्याला पाच वर्षांपर्यंत, दुसऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. संसदेने शिक्षेत केलेला हा फरक पडताळणीच्या शेऱ्यातही दिसला पाहिजे. 2005 मध्ये जन्मलेली मुले आज भरतीच्या मैदानावर धावत आहेत. त्यांच्या फायली लवकरच रायपूर, नागपूर आणि ठाण्याच्या विशेष शाखांत येतील. त्या हाताळणाऱ्यांत मराठी अधिकारी थोडे नसतील. शेरा लिहिताना समोरच्या तरुणाने काय केले, एवढेच त्यांनी पाहावे. त्याचे आईवडील कोणत्या व्हिसावर आले होते, याचा निर्णय त्याला नागरिकत्व देताना राष्ट्राने केलेलाच आहे.